दोन बोटं सैल

मापाबाईंनी उभ्या आयुष्यात निम्म्या गावाला कपडे घातले, पण त्यांनी शिवलेला कोट कधी कुणाच्या काखेत दाटला नाही की त्यांनी शिवलेली पॅन्ट कुणाची बसताना उसवली नाही. असं त्या स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुकानाच्या पाटीवर नाव वेगळंच होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या मापाबाईच झाल्या. गळ्यात पिवळी कापडी टेप, ओठांत टाचण्या आणि टाचण्यांच्या फटींतून अखंड बोलणं. एकदा बोलता बोलता टाचणी गिळली म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. नवऱ्यानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोट दाबत असतानाच टाचणी त्यांच्या अंबाड्यात सापडली.

दुकान विकलं तेव्हा मशीन गेलं, इस्त्री गेली, भिंतीएवढा आरसा गेला. टेप मात्र गळ्यातच राहिली. आलेल्या पैशांत नवऱ्यानं ट्रेलर घेतला. गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन, भिंतीतली कपाटं, खिडक्यांना मापाबाईंनी शिवलेले पडदे. नवरा होता सुतार आणि उंचीनं ताडमाड. पहिल्याच दिवशी आत शिरताना त्याचं कपाळ दाणकन आपटलं. कपाळ चोळत तो म्हणाला, "जन्मभर लोकांच्या दारातून वाकून आत गेलो. स्वतःच्या घरात वाकणार नाही." आणि त्यानं छप्परच उचललं. म्हणजे काढलं, भिंती वाढवल्या, पुन्हा बसवलं, आणि हौसेनं वर एक झाकणाचा झरोकाही केला. तेव्हापासून तो ट्रेलर उंच टाचांचे बूट घातलेल्या म्हशीसारखा दिसू लागला. कंपनीच्या कागदावर लिहिलेली उंची अर्थातच बाद झाली.

एवढं उंच घर मागे लावल्यावर नवऱ्यानं एकच नियम केला. पुलाखालून जायचं नाही. कुठल्याच नाही. समोर पूल दिसला की तो गाडी बाजूला घ्यायचा आणि वळसा शोधायचा. नदीकाठानं, वीटभट्ट्यांमागून, कुणाच्या तरी मक्याच्या बांधाला लागून. सरळ रस्त्यानं चहाच्या वेळेला पोचायचं ते जेवायच्या वेळेला पोचायचे. मापाबाई शेजारी बसून त्याची यथेच्छ टिंगल करत. "अहो, उंची मोजा, पाटी वाचा, वजाबाकी करा. शाळेत शिकवतात." तो शांतपणे म्हणायचा, "पूल आपल्या आधीपासून तिथं उभा आहे. त्याच्याशी कशाला वाद घालायचा?" आणि पुढच्या वळणावर गाडी थांबवून बोरं तोडायला उतरायचा.

तो गेल्यावर गाडी मापाबाई चालवू लागल्या. शेजारच्या सीटवर आता नणंद बसायची. नणंद वयानं लहान, पण मापाबाई तिला जुन्या वळणानं "वन्सं, तुम्ही" म्हणत आणि ती त्यांना बिनदिक्कत "वहिनी, तू" म्हणे. वन्सं काडीसारख्या बारीक, जन्मभर टायपिस्ट. चूक झाली की ती दिसलीच पाहिजे, हा त्यांचा धर्म. मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या, जुन्या सायकलीच्या आणि रंगाच्या डब्यांच्या शेजारी. मापाबाई लेकीकडे गेल्या की पाहुण्या, घरी परतल्या की एकट्या. ट्रेलरमध्ये मात्र दोघीही मालकिणी. वर्षातून दोनदा तळ्याकाठी नेऊन लावायचा, दार उघडं टाकायचं आणि कुणाला न विचारता वाटेल तेव्हा जेवायचं.

यावर टाच आणली लेकीनं. लेक दातांची डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात आरसा घालून प्रश्न विचारायची सवय, त्यामुळे समोरचा उत्तरही देऊ शकतो हे तिला फारसं ठाऊक नव्हतं.

"आई, तुझं वय काय, त्या ट्रेलरचं वजन काय," ती फोनवर म्हणाली. "आता बास. ट्रेलर माझ्या अंगणात आणून लाव आणि गाडीची किल्ली मला दे. मी नवी खोलीच बांधली असं समजेन."

"मी अजून सुईत दोरा ओवते, चष्म्याशिवाय."

"सुईत पूल नसतात."

"पुलाचं मला सांगू नकोस. मी माप घेणारी बाई आहे."

बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: मापाबाईंनी येत्या रविवारी ट्रेलर स्वतः चालवत लेकीच्या दारात आणायचा. एकही ओरखडा नसेल तर किल्ली त्यांच्याकडेच राहील आणि तळ्याकाठच्या फेऱ्यांबद्दल लेक पुन्हा तोंड उघडणार नाही. ओरखडा असेल तर किल्ली लेकीची आणि ट्रेलर अंगणात कायमचा. वन्संना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "वहिनी, तू पैज लावलीस ती माझ्या तळ्याची."

रविवारी सकाळी मापाबाई शिडी लावून ट्रेलरच्या टपावर चढल्या. वन्संनी खाली टेपचं टोक धरलं.

"वहिनी, कोट शिवतेयस का त्याला?"

"नीट धरा. सैल सोडू नका."

"बाह्या कुठून काढणार?"

टेप एवढ्या उंचीला पुरत नव्हती, म्हणून मापाबाईंनी भिंतीवर खडूनं खुणा करत तुकड्यातुकड्यानं माप घेतलं, झरोक्याच्या झाकणासकट. आकडा तोंडानं दोनदा म्हटला. लेकीच्या गावाच्या वेशीवरच रेल्वेचा पूल होता आणि त्याच्या कपाळावर उंची लिहिलेली होती, ती त्यांना पाठ होती. वजाबाकी केली. दोन बोटं उरत होती.

"वन्सं, पुलाखालून जायचं. दोन बोटं सैल आहे."

"दोनच?"

"कोटाला तेवढंच सोडतात. जास्त सोडलं की गबाळा दिसतो."

"कोट अंगाबरोबर हलतो तरी. पूल हलणार आहे का?" वन्संनी गाडीत बसत सीटचा पट्टा लावला. "दादा तिथून कधी गेला नाही."

"तुमचा दादा स्टुलावर चढतानाही आधी दहादा ते हलवून बघायचा."

"म्हणून तर कधी पडला नाही," वन्सं म्हणाल्या.

रस्ता छान होता. मापाबाई गाणं गुणगुणत होत्या, जे त्या फक्त स्वतःवर खूश असताना गुणगुणत. पूल आला. दगडी, काळपट, खाली गार सावली. उंचीची पाटी बरोबर पाठ होती तीच. मापाबाईंनी वेग कमी केला, पाठ ताठ केली, आणि गिऱ्हाईकाला आरशापुढे उभं करताना जसा आवाज लावत तसा आवाज लावून म्हणाल्या, "बघा आता फिटिंग."

जाड कॅनव्हास कुणी एका झटक्यात फाडावा तसा आवाज झाला. मग लाकडाची कडकड. मग काहीच नाही. गाडी पुलापलीकडे उन्हात आणि ट्रेलर पुलाखाली. इंजिन गुरगुरतंय, चाकं जागची हलत नाहीत.

वन्सं समोर बघत म्हणाल्या, "फिटिंग घट्ट झालं."

गप्प बसण्याची मापाबाईंना सवय नव्हती. त्या उतरल्या आणि पहिलं वाक्य पुलाला उद्देशून बोलल्या. "पाटी चुकीची आहे!"

तोवर मागे गाड्या लागल्या होत्या. सगळ्यांत पुढे एक काचवाला, त्याच्या छोट्या ट्रकला दोन्ही बाजूंनी काचा आणि आरसे उभे बांधलेले. त्याच्यामागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. पुलाला लागूनच एक घर होतं. तिथल्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं ओला टॉवेल बाजूला ठेवला, आतून खुर्ची आणली आणि निवांत बसली.

"अडकला का?" तिनं वरून विचारलं.

"नाही, सावलीला उभा केलाय," वन्सं म्हणाल्या.

"मागच्या आठवड्यात गाद्यांचा टेम्पो होता."

"मग? निघाला?"

"गाद्या निघाल्या."

मापाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी काचवाल्याला गाठलं. "अहो, तुमच्याकडे टेप असेल ना? ती पोलादी? या पुलाची पाटी खोटी आहे. मी सिद्ध करून देते. मी जन्मभर मापं घेतली आहेत."

काचवाल्यानं कमरेची टेप काढून दिली. मापाबाईंनी ती ट्रेलरच्या भिंतीला लावली, जमिनीपासून छपरापर्यंत सरसर ओढली, आणि आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग गळ्यातली पिवळी टेप काढली आणि गाडीच्या बॉनेटवर दोन्ही टेपा शेजारी शेजारी पसरल्या. शून्याला शून्य. मध्यापर्यंत येईतो पिवळीचे आकडे मागे पडायला लागले होते. टोकाला पोचेपर्यंत ती पोलादी टेपवरच्या त्याच आकड्याच्या जवळजवळ एक बोट पुढे गेली होती. तिच्यावरचा एकेक इंच वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणला गेला होता. एवढ्या उंचीला टेप दोन-अडीचदा लावावी लागते. दोन बोटं सैल होती ती तिथंच खलास झाली होती. वर थोडं उसनंच घेतलं होतं.

"ताणली गेली," काचवाला हळूच म्हणाला, जसं कुणाच्या घरच्या वाईट बातमीबद्दल बोलावं.

"पण कपडे कसे बसायचे मग सगळ्यांना?" वन्संनी विचारलं.

मापाबाई बॉनेटवर हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांना कळलं आणि कळल्याबरोबर त्यांचं तोंड उघडंच राहिलं. अंगाचं माप याच टेपनं घेतलं, कापडही याच टेपनं कापलं. दोन्हीकडे सारखीच चूक. छातीला जेवढं कमी मोजलं, कापडालाही तेवढंच कमी मोजलं, म्हणून कोट बसला तो झकास बसला. दुकानाच्या चार भिंतींत त्यांचं माप कधी चुकलं नाही, कारण तिथं दुसऱ्या कुणाचं माप येतच नव्हतं. बिचारा पूल त्यांच्याकडून मोजून गेला नव्हता, एवढीच काय ती गफलत.

त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांना पदर. मागचा हॉर्न वाजतच होता.

"वहिनी, आत्ता हसू नकोस. माझं तळं अडकलंय वर."

गॅलरीतली बाई वाकून म्हणाली, "चाकांतली हवा काढा. सगळे तेच करतात."

हवा काढली. ट्रेलरनं सुस्कारा सोडल्यासारखं केलं आणि पाव वीत खाली बसला. पुढे ओढून आणखी छप्पर सोलायची हिंमत नव्हती, म्हणून आता उलट घ्यायचा. हेच मापाबाईंना येत नव्हतं. गाडी उलटी घेणं वेगळं आणि मागे ट्रेलर जोडून घेणं वेगळं. त्याचं शेपूट डावीकडे न्यायचं तर हातातलं चाक उजवीकडे फिरवावं लागतं. हे सगळं नवराच करायचा. पहिल्या खेपेला ट्रेलर पुलाच्या खांबाकडे निघाला. दुसऱ्या खेपेला काचवाल्याच्या काचांकडे. काचवाला दोन्ही हात पसरून स्वतःच आडवा झाला.

"बाई, दमानं! इथं आरसे आहेत!"

मापाबाईंनी गाडीच्या आरशात पाहिलं आणि त्यांना एकदम दुकानातला आरसा दिसला. आरशात बघूनच तर त्यांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकांच्या पाठीला टाचण्या लावल्या होत्या. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, आणि हात कधी विचार करत नसे. त्यांनी विचार करणं सोडलं. ओठ घट्ट मिटले, जणू त्यांत टाचण्या आहेत, आणि हातांना जाऊ दिलं. ट्रेलर हळूहळू मागे सरकला, पुलाखालून निघाला आणि उन्हात आला. गॅलरीतल्या बाईनं टाळ्या वाजवल्या आणि खुर्ची आत नेली.

काचवाल्याच्या गाडीत हवेचा पंप होता. त्यानं चाकं भरून दिली आणि काही घ्यायला तयार झाला नाही. मापाबाईंनी वळसा घेतला. नदीकाठ, वीटभट्ट्या, मक्याचा बांध. बोरींची झुडपं होती तिथंच होती. काही वर्षांपूर्वी याच बांधावर कधी बरोबर आलेली लेक मागच्या सीटवरून लहान मुलीसारखी ओरडायची, बाबा, आणखी लांबून! नवरा हसत हसत आणखी लांबून न्यायचा. आपण मात्र घड्याळ बघत बसायचो, मापाबाईंना आठवलं. कुठं पोचायची एवढी घाई होती, ते काही केल्या आठवेना.

बांधावर थांबून त्या पुन्हा टपावर चढल्या. झरोक्याचं झाकण एका बिजागरीवर लोंबत होतं आणि छपरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबच लांब ओरखडा होता, सरळ रेषेत, उसवलेल्या शिवणीसारखा.

"किती आहे?" खालून वन्संनी विचारलं.

"बराच."

"खालून दिसतोय?"

"नाही."

"मग झालं तर. झाकण आतून दोरीनं बांध. वरून कोण बघतंय? तुझी लेक डॉक्टर आहे, पक्षी नाही."

मापाबाईंनी झाकण बांधलं. गाठ अशी मारली की कुणाला वाटावं, मुळातच तशी होती.

लेक दारातच उभी होती. मापाबाईंनी ट्रेलर फाटकासमोर गल्लीत आडवा उभा केला. लेकीनं आधी आईला मिठी मारली आणि मग ट्रेलरभोवती चक्कर मारली. कोपऱ्यात वाकली, चाकांशी बसली, पत्र्यावरून बोट फिरवलं. दातांच्या फटी तपासताना करते तसे डोळे बारीक केले. वन्सं श्वास धरून उभ्या होत्या.

"मानलं तुला, आई," लेक शेवटी म्हणाली. "मला खरंच वाटलं नव्हतं. किल्ली तुझी. मी आता एक शब्द बोलणार नाही."

वन्संनी सोडलेला श्वास गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल.

जेवायला बसले. जावई वाढत होता, लेक खुशीत होती, वन्सं तिसऱ्यांदा भात घेत होत्या. सगळं जिंकलेलं होतं. पण मापाबाईंना घास जाईना. अपराधी वाटत होतं असं नाही; अपराधी वाटून घ्यायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. त्यांना खुपत होतं ते वेगळंच. दोन टेपा. बॉनेटवर शेजारी शेजारी. आख्खा जन्म चुकीचं मोजून कपडे बरोबर बसले! एवढी भारी गोष्ट त्यांच्या आयुष्यात पूर्वी घडली नव्हती आणि या वयात पुन्हा घडण्याची शक्यता कमी होती. आणि ती कुणाला सांगायची नाही? किल्ली ठेवायची तर गोष्ट गिळायची. टाचणी गिळणं सोपं होतं.

"तुला एक गंमत सांगते," त्या म्हणाल्या.

वन्संनी टेबलाखालून त्यांच्या नडगीवर लाथ मारली.

"आज काय झालं माहितीये..."

दुसरी लाथ चुकून जावयाला लागली. पण आता मापाबाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सगळं सांगितलं. फिटिंग, गाद्या, पोलादी टेप, उघडं राहिलेलं तोंड. गॅलरीतल्या बाईचा आवाज काढून दाखवला. काचवाला आडवा झाला तो उभं राहून करून दाखवला. लेक आधी गंभीर होती, मग तिनं ओठ दाबले, मग पाण्याचा घोट नाकात गेला आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसली. डोळे पुसत वर बघितलं. आणि तळहात पुढे केला.

"किल्ली."

मापाबाईंनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. हसू अजून ओठांवर होतं, पण किल्ली सुटताना बोटं जरा जास्तच वेळ तिला चिकटून राहिली. वन्सं उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"वहिनी, तुला तोंड शिवता येत असतं ना, तर ते आधी शिवलं असतंस," त्या खिडकीला म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेर शेजाऱ्यानं हॉर्न दिला. त्याला गाडी काढायची होती आणि गल्लीत ट्रेलर आडवा. "मी घेते अंगणात," लेक म्हणाली आणि नव्या अधिकारानं जाऊन गाडीत बसली. फाटकातून ट्रेलर उलटाच आत घालावा लागणार होता. लेकीनं चाक डावीकडे फिरवलं. ट्रेलर उजवीकडच्या भिंतीवर निघाला. उजवीकडे फिरवलं; तो गटाराच्या दिशेनं वळला आणि गाडीशी काटकोन करून रुसल्यासारखा उभा राहिला. जावई पुढून डावीकडे दाखवत होता, शेजारी मागून उजवीकडे. लेकीचा चेहरा लाल झाला. मापाबाई ओट्यावर हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीनं तो विक्रमच होता.

शेवटी इंजिन बंद झालं. लेक उतरली. आईच्या डोळ्याला डोळा न भिडवता तिनं किल्ली पुढे धरली.

"फक्त आत घेण्यापुरती," ती म्हणाली.

"हो, हो. आत घेण्यापुरती."

मापाबाई बसल्या. आरसा स्वतःच्या मापाचा करून घेतला, गाडी पुढे नेऊन ट्रेलर सरळ केला आणि मग मागे, हळूहळू, फाटकाच्या दोन खांबांमधून तो आत घेतला. वन्सं शेजारून "आणखी, आणखी" म्हणत चालत होत्या. शेवटच्या क्षणी मापाबाईंना वाटलं की आपण फारच छान करतोय, आणि तेवढ्यात जावयाची लाडकी कुंडी चाकाखाली गेली. बाकी सगळं ठीक झालं.

त्या उतरल्या. लेकीनं कुंडीकडे पाहिलं, ट्रेलरकडे पाहिलं, दाराशी टेकून उभ्या असलेल्या वन्संकडे पाहिलं.

"तळ्याला कधी निघणार होतात?" तिनं विचारलं.

"शनिवारी," वन्सं झटकन म्हणाल्या.

"शनिवारी माझा दवाखाना बंद असतो. मी शेजारी बसेन. पूल दिसला की मी सांगेन आणि तू वळवायचंस, आई. वाद घालायचा नाही."

"मी कधी वाद घालते?" मापाबाई म्हणाल्या आणि लेक पुढे काही बोलायच्या आत कुंडीची माती गोळा करायला लागल्या. किल्ली कमरेला गेली होती. ती परत मागायचं लेकीला त्या दिवशी सुचलं नाही, आणि मापाबाईंनीही तिला आठवण करून दिली नाही. सगळंच काही त्या सांगत सुटत नसत.